तेरा ओळींचं पान

"दोन्ही एका छताखाली" असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. छत एक असलं म्हणजे खाली सगळं नीट चाललंय, असं कुणी सांगितलं? आमच्या लॅबमध्येही रक्त आणि लघवी एकाच छताखाली घेतात. पण बाटल्या वेगळ्या असतात, आणि त्यांची अदलाबदल झाली तर माझी नोकरी जाते. त्या शाळेत कुणाची नोकरी गेली नाही. गेलं ते माझ्या लेकीचं गेलं, आणि मी तिथेच उभी होते.

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी बसेल तर शपथ. तिचे अब्बा लिफ्ट दुरुस्त करतात, ते कामावरून येताना जळकी कॉइल, तुटलेलं बटण, असलं काहीतरी खिशातून आणायचे आणि ही ते उघडून बसायची. मी लॅबमध्ये रक्त घेते, तर माझ्याकडून ती बाटल्यांच्या झाकणांचे रंग शिकली. जांभळं झाकण पेशी मोजायला, करडं साखरेला, निळं रक्त किती वेळात गोठतं ते बघायला. पाहुणे आले की त्यांच्यासमोर हे घडाघडा म्हणायची. पाहुणे बिचारे हातातला कप खाली ठेवायचे.

आणि हीच भिंगरी सकाळी तळमजल्यावरच्या आपांकडे मात्र मांडी घालून गप बसायची. आपा म्हणजे आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या बाई, पोरींकडून कुरआन तोंडपाठ करून घ्यायच्या. हिफ्ज म्हणतात त्याला, आणि ज्याचं सगळं पाठ होतं तो हाफिज. शाळा दुपारची होती, त्यामुळे सकाळ आपांची आणि दुपार शाळेची. आपण काही मोठं करतोय असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. पोर सकाळी जिना उतरायची आणि दुपारी दप्तर घेऊन परत उतरायची, एवढंच.

आपांची खोली लहान, चटई अंथरलेली, प्रत्येकीपुढे लाकडी रेहल आणि रेहलवर उघडी प्रत. सगळ्यांच्या प्रती एकाच छपाईच्या, पानावर तेरा ओळी. एखादीची प्रत फाटली तर आपा अगदी तशीच दुसरी मागवून घ्यायच्या, आणि ती येईपर्यंत त्या पोरीला पुढचा धडा देत नसत. दुसऱ्या छपाईच्या प्रतीला हात लावू देत नसत. आम्ही बायका जिन्यात हसायचो की म्हातारपणी माणसाला कसले कसले हट्ट सुचतात. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

कुरआनचे तीस भाग, त्यांना पारे म्हणतात, त्यातले भिंगरीचे एकोणीस झाले आणि आपा गेल्या. दुपारची नमाज झाल्यावर भिंतीला टेकून बसल्या त्या उठल्याच नाहीत. सगळ्या पोरी रडल्या, ही रडली नाही. मला येऊन म्हणाली, आता माझं कोण ऐकणार? कारण पाठ केलेलं रोज कुणाला तरी म्हणून दाखवावं लागतं, कुणीतरी चूक धरावी लागते. नाही तर ते झिरपून जातं, मडक्यातल्या पाण्यासारखं. ती अकरा वर्षांची होती आणि तिला फक्त एकच भीती होती, की आपलं एकोणीस पाऱ्यांचं पाणी झिरपेल.

म्हणून आम्ही तिला त्या शाळेत घातलं. नवी इमारत, लांब व्हरांडा, खाली प्रयोगशाळा आणि वरच्या मजल्यावर हिफ्जचे वर्ग. मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतभर तक्ता लावलेला, निळे चौकोन हिफ्जचे, पिवळे बाकीच्या विषयांचे. सर टापटीप माणूस, टायवाले, बोलायला गोड. म्हणाले, आमच्याकडे एका दगडात दोन पक्षी. मी म्हटलं, सर, दगड नीट लागला तर दोन्ही पक्षी मरतात. ते हसले. आमच्या ह्यांनी मला टेबलाखालून पाय मारला.

पण खरं सांगते, तो तक्ता मला आवडला होता. लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला तक्ता आवडतोच. सरांनी सगळं घंटेला बांधलं होतं. त्यांच्या प्रतीत पानावर पंधरा ओळी, प्रत्येक पान आयत, म्हणजे कुरआनचं वाक्य, पूर्ण करूनच संपतं, एका पाऱ्याची साधारण वीस पानं. पस्तीस मिनिटांचा एक तास आणि एका तासाला एक पान. घंटा झाली की निळ्या चौकोनातून उठायचं आणि पिवळ्यात जाऊन बसायचं. सगळ्यांचा गणवेश एक, वह्या एक, म्हणून प्रतही एकच. घरची प्रत घरी ठेवायची. आम्ही आपांकडची प्रत कपड्यात गुंडाळून कपाटात वर ठेवली.

पहिल्याच संध्याकाळी भिंगरी म्हणाली, अम्मी, ती ओळ तिथे नाहीये. मला काही समजलं नाही. तिचे अब्बा म्हणाले, शब्द तेच आहेत ना? मग झालं तर. माणूस चूक बोलला असंही नाही. शब्द तेच होते, जेर-जबर, म्हणजे अक्षरांच्या खालच्या-वरच्या खुणा, त्याही त्याच होत्या. ती दप्तर आवरायला लागली.

विज्ञान मात्र तिला आंब्यासारखं गोड लागलं. विज्ञानाच्या बाईंनी तिच्याकडून विजेची घंटा बनवून घेतली, अब्बांच्या जळक्या कॉइलवर नवी तार गुंडाळून. ती घंटा तिने घरी आणली आणि तीन दिवस आमचं डोकं उठवलं. बाई मला फाटकापाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडते, असं एक तरी पोर वर्गात असावं. मी घरी येताना उगाच ताठ मानेने चालत आले.

मग हळूहळू ती अडखळायला लागली. संध्याकाळी मी भाजी निवडताना ती म्हणून दाखवायची आणि मी शाळेची प्रत समोर धरायची. मी काही हाफिज नाही, मी बघून वाचणारी. माझं काम फक्त बोट ठेवून बघणं. चौथा पारा ती पूर्वी लंगडी घालत म्हणायची, त्याच चौथ्या पाऱ्यात ती थांबली. डोळे मिटून मान वर डावीकडे न्यायची, काहीतरी शोधल्यासारखी, आणि मग तिथे ते नसल्यासारखा चेहरा करायची. मी पुढचा शब्द सांगायची. ती दोन ओळी जायची आणि परत मान वर डावीकडे. महिन्याभरात सातवा गेला, मग बारावा. एकोणीसमधले किती उरले हे विचारायची मला हिंमत होईना.

तिला शिकवणारे हाफिजसाहेब म्हणजे तरुण मुलगाच. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, नुकती दाढी राखलेली, आवाज मऊ. पोरांना कधी मारलं नाही, ओरडला नाही. सगळ्या आया त्याच्यावर खूश. मीही खूश होते, खोटं कशाला सांगू? मी त्याला भेटून विचारलं तर म्हणाला, होतं असं, लक्ष थोडं इकडेतिकडे आहे, दुआ करा. मी दुआ केली.

आणि मग भिंगरी फिरायची थांबली. अब्बांनी आणलेल्या कॉइल-बटणांचा डबा तिने जिन्यात नेऊन ठेवला, कचऱ्याच्या बादलीशेजारी. अब्बांनी खिशातून काही काढलं तर बघायचीही नाही. जेवताना बोलायची नाही. नमाज झाली की हात वर करून बसायची ते बसूनच. आमचे हे म्हणाले, पोर शहाणी झाली. शहाणी कसली, पोर विझली होती. पण विझलेलं पोर त्रास देत नाही, म्हणून घरात सगळ्यांना ते बरंच वाटत होतं.

सहामाहीनंतर सरांनी मला बोलावलं. टेबलावर विज्ञानाचा पेपर ठेवला. वर सुंदर अक्षरात नाव आणि हजेरी क्रमांक, खाली काही नाही. पान उलटलं तर तिथेही काही नाही. गणिताचंही तसंच. सर वाईट बोलले नाहीत. म्हणाले, पोर धड इकडची नाही, धड तिकडची नाही, आणि काही मुलांना दोन्ही झेपत नाही, त्यात कमीपणा नाही. तिला हिफ्जच्या वर्गातून काढावं लागेल. पण आधी एक संधी देऊ. पुढच्या शनिवारी तिने माझ्यासमोर आणि हाफिजसाहेबांसमोर तिच्या पाठ पाऱ्यांमधलं म्हणून दाखवावं. आलं तर राहील, नाही आलं तर दुसऱ्या वर्गात बसेल. सगळं न्यायाचं होतं. मला उठून जाण्याशिवाय काही करता आलं नाही.

घरी येऊन मी ओरडले. दप्तर फेकलं, आठवतंय मला, डबा घरंगळत मोरीपर्यंत गेला. तुझ्यासाठी एक माणूस दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो आणि एक बाई लोकांच्या हातात सुया खुपसते, आणि तू कोरा कागद देऊन येतेस? ती उभी राहिली. मग मी आवाज खाली आणून विचारलं,

"येत नव्हतं का?"

"येत होतं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"सोडलं तर ते परत येईल म्हणून."

काय परत येईल, हे मला तिच्या तोंडून काढायला पाऊण तास लागला. ती रोज वर्ग संपल्यावर उस्तादांना, म्हणजे हाफिजसाहेबांना, विचारायची की मी का विसरतेय. आणि त्यांनी तिला सांगितलं होतं की मन एकच असतं, त्यात दोन गोष्टी राहत नाहीत. तुझा जीव त्या विज्ञानात फार गुंतलाय, म्हणून कुरआन तुझ्यातून निघून चाललंय. तर हिने आधी विजेची घंटा सोडली. मग कॉइलचा डबा. मग वर्गात हात वर करणं सोडलं. मग पेपर. रोज नमाजनंतर माफी मागत होती. आणि एक ओळसुद्धा परत आली नव्हती.

"आता अजून काय आवडतं ते शोधतेय," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, अल्लाह काय दुकानदार आहे का, ते ठेव तरच हे देईन म्हणायला? तर तिने घाबरून माझ्या तोंडावर हात ठेवला. तिला वाटलं, माझ्या बोलण्यामुळे उरलेलंही जाईल.

दोन दिवसांनी शाळेतल्या शिक्षकांची वार्षिक तपासणी आमच्या लॅबमध्ये होती. सकाळी सगळे उपाशीपोटी रांगेत. हाफिजसाहेब माझ्या खुर्चीत येऊन बसला, बाही वर केली आणि भिंतीकडे बघायला लागला, सुईला घाबरणारे बघतात तसा. हातात सुई असताना भांडू नये, एवढं माझं शिक्षण झालंय. मी दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, रक्त घेतलं, बाटल्या उलट्यासुलट्या करून स्टँडमध्ये ठेवल्या, कापूस लावला. म्हटलं, हात दुमडून धरा, पाच मिनिटं उठायचं नाही. आणि मग पडदा ओढून घेतला.

मी त्याला कोऱ्या पेपरांचं सांगितलं. तो म्हणाला, अल्लाहची मर्जी. मी म्हटलं, ती आता अजून काय आवडतं ते शोधतेय. उद्या तिला लक्षात येईल की तिला तिचे अब्बा आवडतात. मग काय करेल?

त्याचा चेहरा उतरला. मग खालच्या आवाजात, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं बाजी म्हणून बोलला,

"बाजी, तिच्या मनाचा दोष नाही. पानाचा आहे."

मग त्याने मला ते सांगितलं, जे म्हणे प्रत्येक हाफिजला ठाऊक असतं. पाठांतर नुसतं कानाचं नसतं. डोळे मिटले की पान दिसतं. कुठली ओळ वर आहे, कुठली तळाशी, कुठे पान उलटतं, सगळं. माणूस मनातल्या मनात ते पान वाचत जातो. म्हणून ज्या छपाईवर सुरुवात केली तीच शेवटपर्यंत ठेवायची असते. नव्याने सुरू करणाऱ्या मुलांना पंधरा ओळींचं पान चालतं, काही बिघडत नाही. पण जिचे एकोणीस पारे तेरा ओळींवर बसलेत, तिच्या हातात दुसरी प्रत दिली तर एका पानावर दुसरं पान चढतं, आणि मग दोन्ही वाचता येत नाहीत.

"मी स्वतः तेरा ओळींवरचा," तो म्हणाला. "मुलांचं ऐकताना मी त्या शाळेच्या प्रतीत बघतच नाही. बघितलं तर मीच चुकेन."

मी विचारलं, हे तुमच्या कधी लक्षात आलं? म्हणाला, पहिल्याच आठवड्यात, तिचे डोळे कुठे जातात ते बघून. सरांना सांगितलं होतं एकदा. सर म्हणाले, एका मुलीला वेगळं पान दिलं तर एक तास एक पान हे कसं चालणार, आणि उद्या सगळेच पालक आपापली प्रत घेऊन येतील. मग तो गप्प बसला. नोकरी नवी होती, गावाकडची सगळी माणसं ह्याच्यावरच अवलंबून. मला ते कळतं. पोट सगळ्यांना असतं, मी काही आकाशातून पडलेली नाही.

"गप्प बसलात ते बसलात," मी म्हटलं. "पण तिला मनाचं का सांगितलंत?"

"ती रोज विचारायची हो. काहीतरी तर सांगायला हवं होतं."

काहीतरी. गिऱ्हाईकाला सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवावी, तसं त्याने माझ्या पोरीच्या हातावर पाप ठेवलं होतं. मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. पण त्याच्या डोळ्यात पाणी होतं, आणि शनिवारी मी सरांसमोर हे सगळं सांगेन, तुमच्या समोर सांगेन, असं तो दोनदा म्हणाला. मी विश्वास ठेवला. मी पडदा सरकवला आणि पुढच्याला बोलावलं.

त्या संध्याकाळी मी भिंगरीला समोर बसवून सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. सगळं झाल्यावर विचारलं,

"म्हणजे अल्लाह माझ्यावर नाराज नाहीये?"

"नाही गं राणी."

"कधीच नव्हता?"

"कधीच नव्हता."

ती खुर्चीवर चढली आणि कपाटातून तिची जुनी प्रत काढली. उघडून पानावरून हात फिरवला, डोळे मिटले, मान वर डावीकडे नेली आणि म्हणायला लागली. एक पान गेलं, अडली नाही. दुसरं गेलं. तिसऱ्यात अडली, पण घाबरली नाही. म्हणाली, थांब थांब, ती शाळेची ओळ मध्ये आली. आणि हसली. किती महिन्यांनी ते हसू बघितलं मी. आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात हातात ताटली घेऊन उभे होते, ते तसेच उभे राहिले. झोपायच्या आधी ती जिन्यात जाऊन आली. कॉइलचा डबा केव्हाच कचऱ्यात गेला होता. काही हरकत नाही, अब्बा दुसरं आणतील, असं तिनेच आम्हाला सांगितलं.

शनिवारपर्यंत पाच दिवस होते. पाच दिवसांत काय काय पुसणार? मी जुन्या प्रतीवर तिचं ऐकत राहिले. कधी दोन पानं सलग यायची, कधी अर्ध्यातच नवी ओळ चढायची. ती म्हणायची, उस्ताद सांगणार आहेत ना सरांना, मग मला वेळ देतील. तिला वेळ हवा होता, बाकी काही नको. मलाही तेवढंच हवं होतं.

शनिवारी सकाळी ह्यांना फोन आला की कुठेतरी लिफ्टमध्ये माणसं अडकलीत, ते तिकडे धावले. आम्ही दोघीच गेलो. खोलीत सर, हाफिजसाहेब आणि आम्ही. मी जुनी प्रत टेबलावर ठेवली आणि सरांना म्हटलं, हिचं ह्या प्रतीवर ऐका, कारण मग सांगते. सर लगेच म्हणाले, जरूर, आम्हाला काय, पोरीला आलं पाहिजे. माणूस आडमुठा नव्हता. आडमुठा असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

भिंगरीने सहावा पारा धरला. अर्धं पान सुरेख गेलं. सरांनी मान डोलावली. मग बाहेर तासाची घंटा झाली, व्हरांड्यातून पोरं धावली, आणि ती थांबली. मान वर नेली. परत मागून घेतलं. परत त्याच जागी थांबली. तिसऱ्यांदा तिने दुसऱ्याच जागेची ओळ म्हटली आणि तिचं तिलाच कळलं.

सर म्हणाले, बघा, प्रत तर तुमचीच आहे. मी म्हटलं, सर, हे असं का होतं ते हाफिजसाहेबांना विचारा. त्यांनी मला लॅबमध्ये सगळं सांगितलंय, आणि तुम्हालाही मागेच सांगितलं होतं.

सरांनी त्याच्याकडे बघितलं. नुसतंच बघितलं, धमकावलं नाही, डोळे वटारले नाहीत. तो टेबलाच्या काचेकडे बघत राहिला. मग त्याच मऊ आवाजात म्हणाला,

"बाजींचा काहीतरी गैरसमज झालाय. मी एवढंच म्हटलं होतं की मुलांनी मन एका जागी ठेवावं."

मला क्षणभर वाटलं, हा दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. मग माझा तोल गेला. मी खुर्ची मागे ढकलली. म्हटलं, खोटारड्या, माझ्या खुर्चीत बसून रडलास ते कोण होतं? पोटात एक आणि ओठात एक ठेवून पोरांना कुरआन शिकवतोस? अजून बरंच म्हटलं. व्हरांड्यातली पोरं दारापाशी थांबली. सर उभे राहिले आणि म्हणाले, बाई, शिक्षकाला बोला, मला बोला, पण ज्याच्या छातीत पूर्ण कुरआन आहे त्याला असं बोलू नका, निदान मुलीसमोर तरी.

भिंगरी माझ्याकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. वाट बघत होती, मला दिसत होतं. त्याने एकदा नजर वर केली असती तरी पुरलं असतं. त्याने केली नाही.

मग तिने माझी बाही ओढली.

"अम्मी, उस्ताद खोटं नाही बोलले."

"अगं, मी माझ्या कानांनी—"

"खोटं बोलले असते तर त्यांचं पण गेलं असतं," ती म्हणाली. "त्यांना तर सगळं पाठ आहे."

त्याच माणसाने तिला शिकवलं होतं की पाप केलं की पाठ केलेलं जातं, आणि त्याचे तर तीसच्या तीस पारे शाबूत होते. हिशोब सरळ होता. विसरली होती ती, आणि ओरडत होते ती मी.

ती टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात बांधून, मान खाली.

"माझ्या अम्मीला माफ करा, उस्ताद. माझ्यामुळे बोलली ती."

तो काचेकडेच बघत होता. मग त्याने हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "काही हरकत नाही, बेटा. माफ केलं."